सुलिंडॅकने पॉलिप्स कमी होतात, मग ऑपरेशन कशाला?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं मोठं आतडं पॉलिप्समुळे (आतड्याच्या आत येणाऱ्या छोट्या गाठी, ज्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) काढावं लागलं आणि आता तुमच्या रिपोर्टमध्येही एपीसी जनुकातला तोच दोष निघालाय, म्हणजे एफएपी हा आनुवंशिक आजार. सुलिंडॅक ही सूज-वेदना कमी करणारी गोळी रोज घेतली तर ऑपरेशन टळेल का?

नाही टळत. मी डॉक्टर नाही, पण आजार आमच्याही घरचाच. आधी आईचं आतडं गेलं, मग माझं. गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, तेवढा ठेवलाय, त्याची दरवर्षी दुर्बिणीने तपासणी होते.

पहिल्या कोलोनोस्कोपीनंतर डॉक्टरांनी फोटो दाखवले. भिजवलेला साबुदाणा मूठभर घेऊन भिंतीवर मारावा, तसं आतडं. (उपासाची खिचडी मला पुढे वर्षभर नकोशी झाली होती.) तेव्हा मीही हेच विचारलं होतं, गोळीवर भागणार नाही का?

गोळीने फरक पडतो, हे खरंच आहे. १९९३ साली २२ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सुलिंडॅक १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नऊ महिने दिली. त्यांच्या पॉलिप्सची संख्या आधीच्या ४४ टक्क्यांवर आली, आकार ३५ टक्क्यांवर. पण पूर्ण साफ एकाचेही झाले नाहीत, आणि गोळी थांबल्यावर ते पुन्हा वाढू लागले. तुमच्या कामाची चाचणी २००२ ची: जनुक आहे पण पॉलिप्स अजून नाहीत अशी ४१ मुलं-तरुण, त्यांतल्या साधारण निम्म्यांना चार वर्षं गोळी. तरीही पॉलिप्स आलेच. शिवाय गोळी चालू असताना गुदाशयात कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत. मला तीच भीती जास्त वाटते. साबुदाणा विरळ दिसला की माणूस तपासणी पुढे ढकलतो.

सेलेकॉक्सिब या तशाच दुसऱ्या गोळीला अमेरिकेत १९९९ मध्ये या आजारासाठी मंजुरी होती. अट म्हणून ठरलेला पुढचा अभ्यास पुरा झाला नाही, २०११ मध्ये ती मागे घेतली गेली. त्यात हृदयाचा धोका वेगळाच.

ॲस्पिरिनबद्दल वाचलं असेल, तर ते बहुतेक लिंच सिंड्रोमचं. तोही आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक आजार, पण वेगळा, जनुकंही वेगळी. तिथे रोज ६०० मिलिग्रॅम किमान दोन वर्षं घेतलेल्यांत आतड्याचा कॅन्सर पुढे बराच कमी झाला. ते तुमच्या रिपोर्टला लावू नका.

ऑपरेशननंतर उरलेल्या गुदाशयासाठी डॉक्टर कधीकधी सुलिंडॅक देतात. मीही घेतली, पित्ताने हैराण होऊन सोडली.

वय तुम्ही लिहिलं नाहीत. कोलोनोस्कोपी साधारण वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून सुरू करतात. तुमची अजून झाली नसेल तर याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, आणि भावंडं असतील तर त्यांचीही या जनुकासाठी रक्ततपासणी करून घ्या.