खोट्या वाक्यावर बोट ठेवा

प्रश्न : मी दंतवैद्य आहे, चौदा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवते. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या पानावर कुणीतरी एक तारा देऊन लिहिलं, ‘अत्यंत उर्मट बाई. दीड तास बसवून ठेवलं. उपकरणं निर्जंतुक न करताच वापरतात, माझ्या भावाला त्यातून संसर्ग झाला.’ त्या नावाचा रुग्ण मला आठवत नाही. मग एका चर्चामंचावर टोपणनावाने धागा निघाला, त्यात माझी पदवीच बोगस असल्याचं लिहिलंय. खाली लोक ‘बापरे’, ‘मलाही शंका होतीच’ म्हणताहेत. रात्र-रात्र झोप नाही. नवरा म्हणतो, ओळखीच्यांकडून पाच-पाच ताऱ्यांचे पन्नास अभिप्राय लिहून घेऊ. भाऊ म्हणतो, सरळ कोर्टात खेचू. काय करू?

उत्तर : ताई, चौदा वर्षांचं काम कुणी दोन ओळींत पुसायला निघालं की झोप उडणारच. यात तुमचं मन हळवं असण्याचा काही संबंध नाही.

हे सदर लिहायला लागण्याआधी अकरा वर्षं मी एका चर्चामंचाचं नियमन करत होतो. तुमच्यासारख्यांच्या तक्रारी माझ्याच टपालात येऊन पडायच्या. बहुतेक पत्रांचा सूर एकच असे : ‘आमची बदनामी चालली आहे, सगळा धागा ताबडतोब काढा, नाहीतर परिणामांना तयार राहा.’ धाग्यात तीनशे प्रतिसाद. त्यातलं खोटं कुठलं आणि नुसतं बोचणारं कुठलं, हे मला कळायला काही मार्ग नसे. ती पत्रं तशीच पडून राहत, याचं मला आजही वाईट वाटतं. एकदा एका शिक्षिकेचं चार ओळींचं पत्र आलं. ‘४१व्या प्रतिसादातलं दुसरं वाक्य खोटं आहे. त्यात सांगितलेल्या वर्षी मी त्या संस्थेत नोकरीलाच नव्हते. नेमणुकीचं पत्र सोबत जोडलं आहे.’ ते वाक्य मी दहा मिनिटांत काढलं.

आता तुमच्यावरचा अभिप्राय तसाच वाचू या. ‘उर्मट’ हे मत आहे. ते चुकीचं असेल, पण खोटं ठरवता येत नाही. ‘दीड तास’ कदाचित खरंही असेल. ‘निर्जंतुक न करता वापरतात’ हे मात्र वस्तुस्थितीबद्दलचं विधान आहे, आणि ते खरं की खोटं हे तपासता येतं. तुमचं भांडण त्या एका वाक्याशी आहे. उरलेल्या दोन वाक्यांवर एक शब्दही खर्च करू नका.

पण आधी नोंदवही उघडा. नाव आठवत नाही एवढ्यावरून तो रुग्णच नव्हता असं ठरत नाही. लोक टोपणनावाने लिहितात, आणि इथे तर रुग्ण म्हणून भाऊ आला होता असं म्हटलंय. त्या आठवड्यात कुणी ताटकळलं होतं का, कुणी सूज आल्याची तक्रार केली होती का, ते पाहा. तसा माणूस सापडला तर आधी फोन करून त्याची विचारपूस करा. मात्र फोनवर अभिप्रायाचा विषय तुम्ही काढू नका.

पुरावा आजच्या आज जपा. नुसता कापलेला स्क्रीनशॉट पुरत नाही. पूर्ण पान, वरचा पत्ता, तारीख-वेळ आणि लिहिणाऱ्याचं खातं असं सगळं दिसायला हवं. पीडीएफ करून स्वतःजवळ ठेवा. सार्वजनिक संग्रहस्थळावर ते पान साठवू नका, नाहीतर मूळ मजकूर निघाल्यावरही त्याची एक प्रत जगासमोर राहील. तक्रार त्यानंतर करा.

तक्रारीच्या यादीत ‘हे खोटं आहे’ असा पर्याय बहुधा नसतो, कारण खरं-खोटं ठरवायला ही संकेतस्थळं बसत नाहीत. प्रत्यक्ष अनुभव नसताना लिहिलेलं, प्रतिस्पर्ध्याने लिहिलेलं, छळ करणारं असे त्यांचे तक्रारीचे प्रकार असतात. त्यातलं जे खरोखर लागू पडतं तेवढंच निवडा. बदनामीसाठी कायदेशीर तक्रारीचा अर्ज बहुतेक ठिकाणी वेगळा असतो. तिथे ते वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि शेजारी पुरावा जोडा. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, प्रत्येक फेरीची नोंद तुम्ही ठेवत असालच, तीच इथे कामाला येईल.

अभिप्रायाखाली उत्तर जरूर लिहा, पण एकदाच, आणि लिहिल्यावर एक रात्र मध्ये जाऊ द्या. तुमचा खरा वाचक आहे पुढचा रुग्ण. तो माणूस तुमच्याकडे आला होता की नाही, काय उपचार झाले, यातलं अक्षरही जाहीर करू नका. रुग्णाची गोपनीयता पाळायला तुम्ही बांधील आहात, तो नाही. हे अन्यायाचं वाटेल, पण तसंच आहे. इतकं पुरे : ‘आमच्याकडे प्रत्येक उपकरण वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होतं, प्रत्येक फेरीची नोंद ठेवलेली असते आणि ती दवाखान्यात पाहायला मिळते. आपल्या तक्रारीबद्दल मला स्वतः बोलायचं आहे, कृपया फोन करा.’

मंचावरच्या धाग्यात मात्र अजिबात उतरू नका. बहुतेक मंचांवर नवा प्रतिसाद आला की धागा यादीत पुन्हा वर येतो. मरायला टेकलेला धागा संतापलेल्या माणसाच्या एका प्रतिसादाने आणखी महिनाभर जगलेला मी कितीदा पाहिलाय. तुमची नोंदणी व्यावसायिक परिषदेकडे आहे. तो क्रमांक आणि प्रमाणपत्र थेट मंचाच्या नियामकाला पाठवा. पदवी बोगस असल्याचा आरोप खोडायला सगळ्यात सोपा, म्हणून मी सुरुवात इथूनच केली असती.

तुमच्या यजमानांची कळकळ मला समजते, पण ते पन्नास अभिप्राय नकोत. एका आठवड्यात आलेली स्तुतीची लाट संकेतस्थळांना ओळखू येते, आणि तिच्यासोबत तुमचे खरे अभिप्रायही दडवले जाऊ शकतात. अमेरिकेत २०२४पासून आणि ब्रिटनमध्ये २०२५पासून बनावट अभिप्रायांवर कायद्यानेच बंदी आहे. खऱ्या रुग्णांना मात्र निःसंकोच सांगा. फक्त खूश असलेले निवडू नका, सगळ्यांना सांगा.

राहता राहिलं कोर्ट. संकेतस्थळावर थेट दावा लावणं सहसा अवघड असतं. अमेरिकेत १९९६च्या कायद्याचं कलम २३० त्यांना दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचे प्रकाशक मानत नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं संरक्षण त्यांना अटींसह आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये त्याचा अर्थ असा लावला की मजकूर हटवण्याचं बंधन न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने येतं. इंग्लंडमध्ये २०१३च्या कायद्यानुसार प्रतिष्ठेची गंभीर हानी दाखवावी लागते. म्हणजे दावा लिहिणाऱ्यावर करायचा, आणि टोपणनावामागचा माणूस कोण हे सांगण्याचा आदेश आधी कोर्टाकडून मिळवायचा. तिथे वेळ महत्त्वाचा. संकेतस्थळं लॉगिनच्या नोंदी कायम ठेवत नाहीत, आणि भारत व इंग्लंड दोन्हीकडे बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत एकच वर्ष आहे. तुमचे दोन महिने गेलेत. भावाला घेऊन याच महिन्यात वकिलाला भेटा. दावा आजच लावायला हवा असं नाही, पण तारखा त्यांच्या डोळ्यांखालून गेलेल्या बऱ्या.

प्रश्न : घराच्या दुरुस्तीचं काम अर्धवट टाकून गेलेल्या एका ठेकेदाराबद्दल मी खराखुरा अनुभव लिहिला. ‘चोर आहे, पैसे खाऊन पळाला’ असं त्यात आहे. आता वकिलाची नोटीस आलीय, सात दिवसांत मजकूर काढा म्हणून. घाबरून काढू का?

उत्तर : नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे, पण ती दुर्लक्षून बसू नका. मूळ अभिप्रायाची प्रत आधी जपून ठेवा. मग स्वतःचं लिहिलेलं परक्याच्या नजरेने वाचा. काम अर्धवट राहिलं, आगाऊ पैसे परत आले नाहीत, हे तुम्ही पाहिलंय आणि पावत्यांनी दाखवू शकता. ‘चोर’ हा तुमचा निष्कर्ष आहे, आणि त्याच शब्दावर तुम्ही अडकाल. तो काढा. जागी तारखा घाला : काम कधी सुरू झालं, पैसे कधी दिले, शेवटचा फोन कधी उचलला गेला. खरं ते ठेवायचा तुम्हाला हक्क आहे. मुदत संपण्याआधी वकिलामार्फत कळवा, की मजकूर दुरुस्त केला आहे आणि उरलेल्यातलं नेमकं कोणतं वाक्य खोटं आहे ते सांगावं.