महिलांसाठी वेगळी बस मागताय? मग वेळापत्रकच मागा

ताई, गर्दीच्या वेळी बसमध्ये बायकांचे हाल होतात, म्हणून महिलांसाठी वेगळ्या बसचं निवेदन परिवहन खात्याला द्यायचंय, त्यात काय मागावं, असं तुम्ही विचारलंय. निवेदन जरूर द्या. बसच्या वेळापत्रकाच्या कामात मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि वेगळी बस म्हणजे बायकांचे लाड, हे मला मुळीच पटत नाही. गर्दीतले नकोसे स्पर्श टाळायला कुणाला रोज घरातून अर्धा तास आधी निघावं लागत असेल, तर ती बस गरजेचीच आहे.

पण "दोन बस द्या" असं लिहू नका. दर किती मिनिटांनी बस हवी ते लिहा. समजा, मार्ग एका बाजूने ५० मिनिटांचा आहे आणि दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं गाडी उभी राहते. म्हणजे जाऊन-येऊन २ तास. अशा मार्गावर दोन बस दिल्या, तर थांब्यावर तासाला एकच बस येते. दर १५ मिनिटांनी हवी असेल तर आठ लागतात. उद्घाटनाला हार घातलेल्या दोन गाड्या छान दिसतात, पण सकाळी कामावर निघालेली बाई तासभर थांबू शकत नाही. समोर येईल त्या बसला लटकून ती निघून जाते. महिलांची बस मागून अर्धी रिकामी येते, काही महिन्यांनी "भारमान नाही", म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, असा शेरा पडतो आणि बस बंद. वर "बायकांनाच नको होती" हेही ऐकून घ्यायचं! याची मला मनापासून चीड येते.

काठमांडूत २०१५ साली महिलांसाठी मिनीबस सुरू झाल्या, त्या अवघ्या चार. एवढ्या मोठ्या शहराला त्या कशा पुरणार? उलट मुंबईत १९९२ साली चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली आणि ती कल्पना रुजली. तिची वेळ ठरलेली असते, आणि ती चुकली तरी मागच्या लोकलला बायकांचे डबे असतातच.

हा दुसरा भाग निवेदनात ठळक लिहा: नेहमीच्या बसमधल्या राखीव जागा एकानेही कमी होता कामा नयेत. नाहीतर "तुमची वेगळी गाडी आहे ना, तिकडे जा" असं सुनावणारे लगेच भेटतात, आणि रात्री नऊनंतर ती वेगळी गाडी नसतेच. रात्रीसाठी थांब्यांवर दिवे आणि दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरण्याची मुभा मागा.

सोबतचा मुलगा किती वर्षांचा चालेल, हे बसवरच लिहिलेलं असावं. नाहीतर रोज दारातच कंडक्टरशी वाद.

साहेब "प्रायोगिक तत्त्वावर बघू" म्हणतील. तेव्हा निदान सहा महिने वेळा न बदलता चालवण्याचं लेखी घ्या. वेळेवर भरवसा बसायला तेवढा अवधी लागतोच.