विचारा बिनधास्त : टोपीवाला गायक खरंच रेल्वेत होता का?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचे बाबा रेल्वेतून रिटायर झाले, सगळी नोकरी यार्डात शंटिंगला गेली. परवा माझ्या मुलाने त्यांना मोबाइलवर जिमी रॉजर्स नावाच्या जुन्या अमेरिकन गायकाची रेल्वेची गाणी ऐकवली, फोटोत त्याने रेल्वेवाल्याची टोपी घातली आहे. बाबा म्हणे, हा काहून रेल्वेवाला असेल, हात पाहा किती साफ आहेत! घरात दोन पार्ट्या पडल्यात. आणि तो मधेच किशोरकुमारसारखं ऊडल-ई करतो ते काय आहे? - एक वाचक, अजनी, नागपूर

उत्तर : बाबांना सांगा, फोटो पब्लिसिटीसाठीच काढलेला आहे पण माणूस पक्का रेल्वेतला आहे, म्हणजे दोन्ही पार्ट्यांना अर्धे अर्धे मार्क. मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन या रेल्वेच्या गावात तो वाढला, वडील रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचे फोरमन, म्हणजे आपल्याकडचे मुकादमच म्हणा ना. पोरगा लहानपणी गँगला पाणी पाजायचा आणि तिथल्या काळ्या मजुरांची गाणी कानात साठवायचा. आपल्याकडे सब्बल लावून रूळ सरकवताना एकजण ओरडतो, बाकीचे "हैशा" म्हणून एकदम जोर लावतात, तसंच तिकडेही गाण्याच्या ठेक्यावरच रूळ हलायचा, त्यामुळे बाबांना त्या गाण्यांचा ठेका आमच्यापेक्षा जास्त कळेल.

मोठा झाल्यावर तो ब्रेकमन झाला. डबे जोडायचे-सोडायचे, सांधे बदलायचे, गाडी थांबली की मागे जाऊन झेंडी दाखवायची, थोडक्यात आपला गार्ड, शंटर आणि पॉइंट्समन एकात. 1924 साली टीबी निघाला, तेव्हा त्यावर औषधच नव्हतं, असल्या अंगमेहनतीच्या नोकरीत किती दिवस टिकणार, शेवटी रेल्वे सुटली आणि गाणंच पोटापाण्याला धरलं. ऑगस्ट 1927 मध्ये ब्रिस्टॉल गावात पहिलं रेकॉर्डिंग झालं आणि पुढच्या सहा वर्षांत कंट्री म्युझिकचं, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांचं, सगळं गणितच बदललं. 1930 मध्ये तर लुई आर्मस्ट्राँगने त्याच्या एका गाण्यात ट्रम्पेट वाजवलाय, गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवायच्या त्या काळात!

मला स्वतःला त्याचं 1928 चं "वेटिंग फॉर अ ट्रेन" सगळ्यात जास्त आवडतं, आणि कारण सांगते. सुरुवातीला तो तोंडानेच इंजिनाची शिट्टी काढतो, मग गोष्ट सुरू होते ती खिशात दमडी नसलेल्या, मालगाडीच्या डब्यात लपून घरी निघालेल्या माणसाची, ज्याला ब्रेकमन वाटेतच टेक्सासमध्ये उतरवून देतो. आता बघा, असल्या फुकट्यांना हाकलणं हे ब्रेकमनचंच काम, म्हणजे ज्याच्या हाती झेंडी होती तोच हाकललेल्याच्या बाजूने गातोय. रेल्वेवर प्रेम करणारे पुष्कळ असतात, त्यांना इंजिनाचा नंबर, शिट्टी, धूर सगळं पाठ असतं (आमच्या ओळखीत आहेत असे, मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये नेलं की संध्याकाळपर्यंत निघत नाहीत), पण याला गाडीपेक्षा गाडीबाहेर राहिलेला माणूस जास्त दिसला, हे मला फार मोठं वाटतं.

शेवटचं रेकॉर्डिंग न्यूयॉर्कला मे 1933 मध्ये. अंगात त्राण नव्हतं, दोन टेकच्या मधे स्टुडिओत खाटेवर पडून राहायचा आणि उठून परत गायचा, दोनच दिवसांत 26 मेला गेला, वय 35. घरी नेलं तेही रेल्वेनेच. 1961 साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्या तिघांत त्याचं नाव होतं.

आता तुमचं ऊडल-ई. त्याला योडलिंग म्हणतात, छातीतला आवाज झटकन पातळ वरच्या आवाजात पलटवायचा आणि परत खाली आणायचा, मूळ आल्प्समधल्या गुराख्यांचं. जिमीने ते ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दर्दभऱ्या गाण्यांत, घुसवलं. आपल्या किशोरदांनी ते जिमी रॉजर्स आणि ऑस्ट्रेलियात गाजलेला योडलिंगवाला गायक टेक्स मॉर्टन यांच्या रेकॉर्ड ऐकून उचललं असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, आणि किशोरदा खांडव्याचे, म्हणजे तेही जंक्शनवालेच की! मुलाला सांगा, आधी "ब्लू योडल नंबर 1" लाव आणि मग किशोरदांचं कुठलंही योडलिंगवालं गाणं, बाबांना शेजारी बसव. हात साफ का होते त्यावर मात्र बाबांशी वाद घालू नका, रेल्वेवाल्याशी यार्डाच्या गोष्टीत कोण जिंकलंय बाप्पा!