ट्रॅक्टर आणि मोठ्या शेतीयंत्रांवर कॅमेरे बसवल्याने सुरक्षितता खरोखर वाढते का? ते कोणते घ्यावेत आणि कोठे बसवावेत?

ट्रॅक्टर, कापणी-मळणी यंत्र, बेलर (गवत किंवा पेंढ्याचे गठ्ठे बांधणारे यंत्र) अशा यंत्रांवर कॅमेरे लावणे ही हौस आहे की त्याने अपघात टळतात, आणि टळत असतील तर कॅमेऱ्यांची निवड व जागा कशी ठरवावी, असे आपण विचारले आहे. मी शेतीयंत्रांच्या वायरिंगचे व दुरुस्तीचे काम करतो. नवे कॅमेरे बसवण्यापेक्षा इतरांनी बसवलेले आणि बंद पडलेले कॅमेरे सुरू करण्याचे कामच माझ्याकडे अधिक येते. त्यावरून माझे मत असे बनले आहे की, यंत्र जागचे हलवण्याच्या क्षणी कॅमेरा फार मोलाचा ठरतो. यंत्र वेगात असताना मात्र तोच कॅमेरा चालकाचे लक्ष खाऊ शकतो. त्यामुळे किती कॅमेरे लावावेत यापेक्षा कोणता कॅमेरा चालकाला कोणत्या क्षणी काय दाखवणार आहे, हे आधी ठरवावे.

चालकाला किती दिसत नाही, याचा साधा हिशेब करून पाहावा. समजा, चालकाचे डोळे जमिनीपासून २.५ मीटर उंचीवर आहेत आणि बॉनेटचे पुढचे टोक त्याच्यापासून २.५ मीटर पुढे व जमिनीपासून १.६ मीटर उंच आहे. बॉनेटच्या टोकाला घासून जाणारी त्याची नजर जमिनीवर पोहोचते ती डोळ्यांपासून सुमारे ७ मीटरवर, म्हणजे बॉनेटच्या पुढे जवळजवळ साडेचार मीटरवर. त्याच्या अलीकडची जमीन त्याला दिसतच नाही. १ मीटर उंचीचे मूल बॉनेटसमोर दीड मीटरच्या आत उभे असेल, तर ते पूर्णपणे दृष्टीआड असते. पुढे लोडर लावला असेल तर हा दृष्टीआडचा भाग आणखी वाढतो. मागची परिस्थिती याहून वाईट असते, कारण मागची चाके, मडगार्ड, उचललेले अवजार आणि भरलेली ट्रॉली यांपैकी काही ना काही मध्ये येतेच. आरशांत ट्रॉलीच्या दोन्ही बाजू दिसतात, पण तिच्या थेट मागे काय आहे ते कितीही मोठा आरसा लावला तरी दिसत नाही. माझ्या दृष्टीने एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर तो याच जागेसाठी घ्यावा.

ट्रॉली किंवा अवजार नेहमी बदलत असेल तर तो कॅमेरा ट्रॅक्टरवर लावावा की अवजारावर, असा प्रश्न लगेच उभा राहतो. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला उंचावर लावलेला कॅमेरा हिच, म्हणजे ट्रॅक्टर व ट्रॉलीचा सांधा, जोडताना उत्तम उपयोगी पडतो. पिन आणि ड्रॉबार (ओढण्याचा दांडा) थेट दिसत असल्याने "आणखी थोडे मागे" असे सांगायला ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये माणूस उभा करावा लागत नाही, आणि ही जागा चिरडण्याच्या अपघातांसाठी कुप्रसिद्धच आहे. परंतु उंच अवजार जोडले की तोच कॅमेरा केवळ अवजाराची पाठ दाखवतो. म्हणून ट्रॉलीच्या किंवा मोठ्या अवजाराच्या मागच्या टोकाला दुसरा कॅमेरा लागतो आणि त्याची जोडणी प्लगने सुटणारी असावी लागते. ट्रॅक्टर व अवजार यांच्यामधील केबल वळणदार स्प्रिंगसारखी घ्यावी, आणि पूर्ण वळण घेताना ती ताणली जात नाही व पीटीओ शाफ्टला (इंजिनची शक्ती अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याला) स्पर्श करत नाही, हे प्रत्यक्ष यंत्र वळवून पाहावे. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ सेकंदाला ९ वेळा फिरतो. त्यात केबल सापडली तर कॅमेऱ्यासकट सर्व ओढले जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पीटीओ शाफ्टवरील आवरण, मशीनवरील गार्ड, ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट व सीटबेल्ट यांतल्या कशाचीही जागा कॅमेरा घेत नाही. बेलरच्या तोंडाशी गवत अडकले आहे, हे तो चालकाला केबिनमध्येच दाखवतो आणि खाली उतरण्याच्या फेऱ्या कमी करतो, एवढाच त्याचा लाभ. ते काढायला उतरायचे असेल तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, हा क्रम तसाच राहतो.

कामावर नजर ठेवणारे कॅमेरे हा वेगळा प्रकार आहे. कापणी यंत्राच्या धान्य सोडणाऱ्या नळीच्या टोकावर, धान्याच्या टाकीत, बेलरच्या पिकअपवर (जमिनीवरचे गवत उचलणाऱ्या भागावर) किंवा फवारणी यंत्राच्या मागे ते लावले जातात. त्यांचा सुरक्षिततेशी संबंध अप्रत्यक्ष असला तरी तो खरा आहे, कारण चालकाला दिवसभर मान वळवून मागे पाहत बसावे लागत नाही. कंप पावणाऱ्या सीटवर शरीर पिळून बसण्याने मान व पाठ दुखते आणि थकलेला चालक चुका अधिक करतो. पुढे लांब अवजार लावून शेतातून रस्त्यावर येणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना पाहणारे कॅमेरे उपयोगी आहेत, कारण चालकाचे डोळे रस्त्याच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधीच अवजाराचे टोक रस्त्यावर आलेले असते. जर्मनीत स्टिअरिंगच्या मध्यापासून यंत्राच्या पुढच्या टोकापर्यंतचे अंतर ३.५ मीटरपेक्षा जास्त झाले, तर रस्त्यावर येताना दिसण्याची वेगळी सोय करावी लागते आणि असे कॅमेरे हा तेथील एक मार्ग आहे.

लेन्सचा कोन निवडताना अनेकजण सर्वांत मोठा आकडा पाहून घेतात. १२० अंशांच्या लेन्सला २ मीटर अंतरावर सुमारे ७ मीटर रुंदी दिसते, ६० अंशांच्या लेन्सला केवळ २.३ मीटर. त्यामुळे ट्रॉलीच्या मागची जागा पाहण्यासाठी रुंद कोन योग्यच आहे. परंतु कोन जितका रुंद तितकी प्रत्येक वस्तू पडद्यावर लहान व प्रत्यक्षापेक्षा दूर भासते. १७० अंशांच्या लेन्समध्ये चाकाजवळचे मूल हा पडद्याच्या कडेचा एक ठिपका असतो. मागे पाहण्यासाठी मी १२० अंशांच्या आसपासचा कोन सुचवतो. नळी किंवा पिकअप पाहण्यासाठी याहून अरुंद कोन बरा. मागच्या कॅमेऱ्याचे चित्र आरशाप्रमाणे उलटे, म्हणजे डावीकडची वस्तू पडद्यावरही डावीकडे दिसेल असे ठेवावे. पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र तसे उलटवू नये. ही मांडणी चुकलेली असली, तर घाईच्या क्षणी चालक नेमका नको त्या बाजूला स्टिअरिंग फिरवतो.

तारेचा की बिनतारी, या प्रश्नावर माझा कल तारेकडे आहे. बिनतारी संच ट्रॉली बदलताना सोयीचा असतो, हे खरे. परंतु त्यातील चित्र थोडे उशिरा येते. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे येणारे यंत्र ०.२ सेकंदात जवळजवळ २८ सेंटिमीटर सरकते, आणि भिंतीला किंवा माणसाला लागण्यासाठी एवढे अंतर पुरेसे आहे. शिवाय २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांना त्याच पट्ट्यातील वाय-फायचा व्यत्यय येऊ शकतो आणि मध्ये लोखंडी ट्रॉली असली तर संकेत क्षीण होतो. सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे संकेत तुटल्यावर पडद्यावर शेवटचे चित्र तसेच थांबून राहणे, कारण चालकाला मागे मोकळी जागा दिसत राहते. बिनतारी संच घ्यायचाच असेल, तर कॅमेऱ्याची वीज काढून पडदा काय दाखवतो ते आधी तपासावे. तो काळा झाला किंवा त्यावर सूचना आली तर ठीक, चित्र गोठले तर तो संच नाकारावा.

शेतात कॅमेऱ्याचा खरा शत्रू धूळ आणि पाणी हाच आहे. आयपी६७ हे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचे मानांकन असेल, तर कॅमेरा १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण यंत्र धुताना जवळून मारलेला उच्च दाबाचा गरम फवारा ही वेगळी परीक्षा आहे आणि तिच्यासाठी आयपी६९के हे मानांकन पाहावे लागते. प्रेशर वॉशरने यंत्र धुणाऱ्यांनी हा फरक गंभीरपणे घ्यावा. कॅमेरा चाकांच्या मागे, चिखल उडण्याच्या रेषेत बसवू नये. वर छोटी पट्टी असलेला आणि किंचित खाली झुकलेला असावा, म्हणजे सूर्य थेट लेन्समध्ये येणार नाही. रात्रीसाठी अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) दिवे असलेले कॅमेरे येतात आणि स्वच्छ हवेत ते उत्तम काम करतात. मळणीच्या धुळीत किंवा धुक्यात मात्र तोच प्रकाश कणांवरून परत येतो आणि पडदा पांढरा पडतो. अशा कामासाठी कॅमेऱ्यापासून दूर लावलेला कामाचा दिवा चांगला. लेन्स पुसण्यासाठी मऊ कापड केबिनमध्येच ठेवावे, कारण ते आणायला कोठे जावे लागले तर लेन्स पुसली जात नाही.

वीज जोडताना व्होल्टेज तपासावे. बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतात, काही मोठी यंत्रे २४ व्होल्टवर. १० ते ३२ व्होल्ट चालणारा संच घेतला की ही काळजी मिटते. जोडणी इग्निशननंतरच्या तारेवर स्वतंत्र फ्यूजसह करावी, नाहीतर पडदा रात्रभर बॅटरी खात राहतो. अवजारावर वेल्डिंग करण्यापूर्वी कॅमेऱ्याचा प्लग काढून ठेवावा.

पडदा कोठे लावायचा हे शेवटी ठरवले जाते, आणि तेच चुकते. तो समोरच्या काचेच्या मध्यभागी नको, कारण तो स्वतःच नवा दृष्टीआडचा भाग तयार करतो. आरशाकडे पाहताना नजर जेथून जाते तेथे, खांबाच्या कडेला तो असावा. रिव्हर्स गिअर पडताच मागचे चित्र आपोआप यावे, आणि रस्त्यावर पुढे जाताना कामाचे कॅमेरे बंद राहावेत. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर यंत्र सुमारे १७ मीटर पुढे गेलेले असते. चित्रातील माणूस ओळखून आवाज करणारे कॅमेरे आता मिळतात आणि गोदाम, अंगण अशा मोकळ्या जागी ते उपयोगी आहेत. परंतु पिकात अर्धवट झाकलेला किंवा खाली बसलेला माणूस त्यांच्या नजरेतून सुटू शकतो, आणि वारंवार खोटे आवाज आले तर चालक तो आवाज बंद करून टाकतो.

सर्व बसवून झाल्यावर एक तपासणी अवश्य करावी. इंजिन बंद ठेवून, केवळ किल्ली चालू करून, चालकाला सीटवर बसवावे आणि दुसऱ्याने सुमारे १ मीटर उंचीचे पिंप यंत्राभोवती पावलापावलाने सरकवत न्यावे. ते आरशातही नाही आणि पडद्यावरही नाही अशी प्रत्येक जागा जमिनीवर चुन्याने आखावी. चुना जेथे पडला तेथे कॅमेऱ्याचा कोन बदलावा किंवा आणखी एक कॅमेरा लावावा, आणि दुसरे मोठे अवजार जोडले की हीच तपासणी पुन्हा करावी.