गुडघ्याचा एक्स-रे आणि एमआरआय नॉर्मल, तरी आठ महिने दुखतंय. कारण काय असेल?

आधी खुबा तपासून घ्या. खुबा आणि गुडघा यांना काही नसा सामाईक आहेत, म्हणून बिघाड खुब्यात आणि कळ गुडघ्यात असं खरंच होतं. उताणं झोपा, गुडघा काटकोनात वर घ्या आणि दुसऱ्या कोणाला तरी तुमचं पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. जांघेत कळ आली किंवा पाय दुसऱ्याइतका वळला नाही, तर कमरेचा, म्हणजे दोन्ही खुब्यांचा, एक्स-रे काढा. पूर्वी बरेच दिवस स्टेरॉईड घेतली असतील किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल, तर हे अजिबात लांबवू नका. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा, म्हणजे खुब्यातल्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, खुब्याच्या एमआरआयमध्येच कळतं. वेळेत सापडलं तर हाडातला दाब कमी करायची छोटी शस्त्रक्रिया करता येते. डोकं खचलं की बहुतेकदा सांधाच बदलावा लागतो.

खुबा ठीक निघाला, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेखाली चार-पाच सेंटिमीटरवर बोटाने दाबा. नेमकं तिथेच दुखत असेल आणि जिना चढताना वाढत असेल, तर स्नायुबंधांखालच्या द्रवाच्या छोट्या पिशवीला (बर्सा) सूज असावी. बर्फ, मांडीमागच्या स्नायूंचे ताण-व्यायाम आणि झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, एवढ्याने बऱ्याच जणांना आराम पडतो.

गुडघा सुजलेला, मांडी बारीक होत चाललेली आणि संध्याकाळी कणकण असेल, तर मात्र सांध्याच्या क्षयाची (टीबीची) तपासणी लगेच करा.