उणे वीसमध्ये काळी चंद्रकळा

मृण्मयी, ऑगस्टमध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला नोकरीसाठी येते आहेस, छान. तुझी आई म्हणते की साड्या-ड्रेस पुण्यातच ठेव, तिकडे सहा महिने एका जाकिटात जाणार, नटलीस तरी बघणार कोण. आणि जाकीट पुण्यातूनच घेऊन यावं का, हा तुझा दुसरा प्रश्न. मी मूळची नाशिकची. इथे अकरा हिवाळे काढले, त्यातला पहिला तुझ्या आईच्या मताने काढला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जाकिटाचं. आणू नकोस. थंडीत आपल्याकडे रस्त्याकडेला तिबेटी स्वेटरवाले बसतात ना, त्यांच्याकडून मी तीन स्वेटर आणि एक फुगीर जाकीट घेतलं होतं. नाशिकच्या आठ-नऊ अंशांत त्यात घाम फुटायचा. इथे नोव्हेंबरअखेर बसस्टॉपवर उभी होते, तर वारा मलमलीतून जावा तसा आरपार गेला. स्वेटर सगळे ॲक्रिलिकचे. ऊब बेताची, आणि डोक्यावरून काढताना चटचट ठिणग्या. मग त्यावर आणखी एक, त्यावर आणखी एक, असं करत तो हिवाळा मी गाठोडं होऊन काढला. 'कुठे कोणाला दिसतंय' म्हणून कानातले घालायचे सोडले, मग काजळ सोडलं. फेब्रुवारीत एकदा लिफ्टच्या आरशात एक आजारी बाई दिसली, ती मीच होते.

इथली थंडी आकड्यांत सांगायची तर जानेवारीची सरासरी उणे १०च्या आसपास, मधूनच चार-पाच दिवस उणे २०च्या खाली. वर्षभरात दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. पण घरात, ऑफिसात २१-२२ अंश. मेट्रो १९६६ सालची, सगळीच्या सगळी जमिनीखालून जाते, आणि तिच्यात हिवाळ्यातही चक्क उकडतं. डाउनटाउनला स्टेशनं, मॉल, ऑफिसं जोडणाऱ्या भुयारी वाटा मिळून ३२ किलोमीटर भरतात. म्हणजे थंडी दिवसभर अंगावर नसते, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत भेटते. तेवढ्यापुरतं कवच चांगलं हवं. आत काय घालायचं ते तुझं तू ठरव.

हे मला कळलं ते ऑफिसच्या दारात. आमच्याकडे आत शिरताच रबरी ट्रेमध्ये बुटांची रांग असते, खाली वितळलेल्या बर्फाचं मिठाळ पाणी (रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात). पन्नाशीच्या पुढची एक सहकारी रोज तिथे एका पायावर उभी राहायची. गुडघ्याच्या खाली येणारा पार्का (थंडीचा जाड, टोपीवाला कोट), टूक (लोकरी टोपी, इथे सगळे टूकच म्हणतात), घोट्याच्या वर चढणारे बूट, असा सगळा सरंजाम. बूट निघायचे, पिशवीतून हिरवे टाचांचे सॅंडल निघायचे, पार्का हँगरला जायचा, आणि आतून रेशमी ब्लाउज नि मोत्यांची माळ. दोन मिनिटांत बाई बदलून जायची. मीही दुसऱ्याच आठवड्यात टेबलाखाली सॅंडल आणून ठेवले.

आता खर्च कुठे करायचा. कोट आणि बूट, यात हात आखडता घेऊ नकोस. पाच महिने लोकांना तुझा कोटच दिसणार आहे, तोच तुझा रोजचा ड्रेस समज. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घे. सव्वीस डिसेंबरनंतर सेल लागतात, पण तोवर थांबलीस तर कुडकुडशील. पार्का मांड्या झाकणारा हवा आणि त्याची चेन खालूनही उघडणारी हवी, नाहीतर मेट्रोत बसता येत नाही आणि मोठं पाऊल टाकता येत नाही. घालून बघताना आत स्वेटर असू दे. कानुक ही इथलीच कंपनी, पण तिचा कोट हजार डॉलरच्या घरात जातो. पहिल्या वर्षी गरज नाही. सिमॉन्स या मोठ्या दुकानात चक्कर मार. जुन्या कपड्यांची दुकानंही बघ, त्यांना इथे फ्रिपरी म्हणतात. आपल्याकडे वापरलेलं घ्यायचं म्हटलं की नाक मुरडतात, इथे चांगल्या घरच्या बायका मिरवून सांगतात. मला शुद्ध लोकरीचा लांब कोट चाळीस डॉलरला तिथेच मिळाला, उणे आठ-दहापर्यंत तोच चालवते. आणि हो, चिठ्ठीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, काउंटरवर जवळजवळ १५ टक्के वाढतात. पहिल्यांदा मला वाटलं मुलीने चुकून जास्त लावले.

रंग म्हणशील तर इथे हिवाळ्यात सगळं गाव काळं घालतं. मी हळदी रंगाचा कोट घेतला. बस ड्रायव्हर लांबून ओळखून थांबतो, आणि कॉफीच्या रांगेत कोणीतरी 'बो मांतो' म्हणतं, म्हणजे फ्रेंचमध्ये कोट सुंदर आहे. त्या वर्षी माझं फ्रेंच सगळं त्या कोटावरच सुरू झालं.

बूट रबरी तळव्याचे, पाणी आत न येणारे. मी टाचांचे बूट घालून बसस्टॉपसमोर अशी काही आपटले की आठवडाभर उशी घेऊन बसत होते. इथल्या आज्ज्या बुटांना काटेरी रबरी पट्टे चढवतात, आत शिरताना काढून पर्समध्ये टाकतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही. रस्त्यावरच्या मिठाने बुटांवर पांढऱ्या नक्षीसारखे डाग उमटतात, ते पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून पुसायचे. कोल्हापुरी आण, पण बर्फात घालू नकोस. पिशवीतून ने.

अंगालगत मेरिनो लोकरीचं पातळ थर्मल हवं. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि बाहेर पडलं की तेच ओलं कापड गार पडतं. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे २८च्या खाली गेलं तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी फॅशन बाजूला ठेव आणि नाक-कान झाक. धातूचे झुमके तर घालूच नकोस, गार लोखंड कानाला लावल्यासारखं होतं, शिवाय ते मफलरच्या धाग्यात अडकतात. आत जाऊन घाल. (हातमोजे मात्र हरवतातच, आणि नेहमी एकच हरवतो. ज्याला सापडतो तो जवळच्या कुंपणाच्या टोकावर चढवून ठेवतो. मार्चपर्यंत गल्लीभर असे पंजे उभे असतात.)

साड्यांचं आता. आण ना. संक्रांत जानेवारीच्या ऐन मध्यावर येते, म्हणजे इथल्या भर थंडीत, आणि आपण त्या दिवशी काळंच नेसतो. गेल्या वर्षी पार्क एक्स्टेन्शन या इथल्या वस्तीत एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. मी काळी चंद्रकळा नेसले, परकराऐवजी लोकरी लेगिंग, ब्लाउजऐवजी काळा हाय-नेक. निऱ्या पोटरीपर्यंत उचलून कमरेला इलॅस्टिकच्या पट्ट्याने बांधल्या, खाली बूट, वर पार्का. मेट्रोत बघितलं तर सगळा डबाच काळ्या कपड्यांत, जणू एकजात तिळगूळ घ्यायला निघालेत. मैत्रिणीच्या दारात पट्टा सोडला, निऱ्या खाली आल्या, काठ कोरडा ठणठणीत. त्यात एक नवी सून होती, तिच्या गळ्यात हलव्याचे दागिने. हीटरच्या कोरड्या हवेत त्यांना घामही लागत नाही, आपल्याकडे संध्याकाळपर्यंत चिकट होतात.

नऊवारी तर याहून सोयीची. कासोटा असल्यामुळे आत कितीही जाड थर्मल जातं आणि काठ चिखलात लोळत नाही. इथल्या गुढीपाडव्याला अजून रस्त्याकडेला बर्फाचे ढीग असतात, तेव्हा मी नऊवारीच काढते.

दोन बॅगा मिळाल्या तर त्यात जाकिटाच्या जागी हे भर: दोन काठपदराच्या, एक नऊवारी, खणाचं जाकीट, आणि घरात असेल तर हिमरूची शाल. कोटाच्या गळ्यातून तिचा वीतभर भाग जरी दिसला तरी लोक थांबवून विचारतात. नायलॉनचे परकर मात्र एकही नको, ते इथे पायाला असे चिकटतात की चालता येत नाही. आणि टिकल्यांची चार पाकिटं जास्तीची टाक, टूक काढताना कपाळावरची टिकली टोपीबरोबर जाते. माझ्या टोपीच्या आतल्या बाजूला सध्या सहा आहेत.