सरासरी आणि शतकं बाजूला ठेवली तर फलंदाजाचा मोठेपणा कशावरून ठरवायचा?

तुमचा मुद्दा असा आहे की गुंडाप्पा विश्वनाथची, म्हणजे आपल्या ‘विशी’ची, कसोटी सरासरी ४२ सुद्धा भरत नाही, पन्नाशीच्या वर सरासरी असलेले फलंदाज पुष्कळ होऊन गेले, तरी जुनी मंडळी विशीचं नाव निघालं की हळवी होतात. मग आकडे नकोत म्हटलं तर मोजायचं तरी कशाने?

काही वर्षं मी मुंबईत कांगा लीगच्या सामन्यांना आमच्या क्लबकडून स्कोअर लिहायला बसायचो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ही लीग १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी ओली, मैदानात गवत माजलेलं. जमिनीवरून सणसणीत मारलेला फटकाही गवतात अडकतो आणि चारच्या जागी दोनवर समाधान मानावं लागतं. एक चेंडू थांबून येतो, पुढचा नाकाशी उसळतो. तिथे तीसेक धावा करून आलेल्या पोराला तंबूतली जाणती माणसं सरकून खुर्ची देतात. वहीत मात्र त्या तीसच. कड लागून थर्ड मॅनला गेलेला चौकार आणि बॅटच्या मधोमध बसलेला कव्हर ड्राइव्ह, दोघांपुढे मी ४ च लिहायचो.

पण त्याच वहीत, त्याच पानावर, बाकीच्या दहा जणांची नावंही असतात. मी फलंदाजाची धावसंख्या आधी बघत नाही, ही बाकीची नावं बघतो. त्याच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजांसमोर, त्याच दिवशी इतरांचं काय झालं? ज्या दिवशी कोणालाच जमत नव्हतं, त्या दिवशी ह्याने काय केलं? आणि असं कारकिर्दीत एकदाच घडलं की पुन्हा पुन्हा? माझी कसोटी एवढीच.

आता विशी. जानेवारी १९७५, मद्रासचं चेपॉक, समोर वेस्ट इंडीज. मालिकेत भारत २-१ असा मागे. गावस्कर बोटाच्या दुखापतीमुळे बाहेर. अँडी रॉबर्ट्स अशा वेगाने टाकत होता की त्याने ६४ धावांत ७ बळी घेतले आणि भारताचा पहिला डाव १९० वर आटोपला. त्या १९० पैकी ९७ विश्वनाथच्या, तोही नाबाद. बाकी कोणाला वीसचा आकडा गाठता आला नाही.

हेल्मेटं तेव्हा नव्हती, आणि विशी म्हणजे जेमतेम सव्वापाच फुटांचा माणूस. उंच फलंदाजाच्या कमरेपाशी येणारा चेंडू त्याच्या छातीवर यायचा. अशा चेंडूला खाली वाकून सोडून देणं हा शहाणा मार्ग. विशी टाचा उचलायचा आणि बॅट वरून खाली आणत मनगटं वळवायचा, त्यामुळे चेंडू हवेत न उडता पॉइंटच्या बाजूने जमिनीलगत पळायचा. स्क्वेअर कट सगळेच मारतात. रॉबर्ट्सला, त्या उसळीवर, हाताशी गडी उरलेले नसताना तो मारत राहणं ही वेगळी गोष्ट. शेवटी त्याच्या जोडीला आधी बेदी, मग चंद्रशेखर. चंद्राच्या कारकिर्दीत बळी २४२ आणि धावा १६७, म्हणजे फलंदाज म्हणून तो कोणत्या दर्जाचा होता ते कळलंच असेल. अशा जोडीदाराबरोबर खेळताना षटकाच्या सुरुवातीला मिळणारी एक धाव नाकारायची, शेवटच्या चेंडूवर ती चोरायची, आणि हे सगळं समोरच्या कर्णधाराला ठाऊक असताना करायचं. अखेर चंद्रा गेला आणि विशीचं शतक तीन धावांनी राहिलं. भारताने सामना १०० धावांनी जिंकला. विशीच्या १४ कसोटी शतकांच्या यादीत ही खेळी नाही.

विशीचे चाहते हटकून सांगतात की त्याने शतक केलेली एकही कसोटी भारत हरला नाही. माहिती खरी आहे, पण मला हा युक्तिवाद कधी फार पटला नाही. सामना एकटा फलंदाज जिंकून देत नाही. चेपॉकलाही प्रसन्नाने पहिल्या डावात पाच बळी काढले नसते तर त्या ९७ ची आज किती जणांना आठवण असती? निकाल हा मोठेपणाचा पुरावा मानला की मग गावस्करची बंगळूरची खेळी कुठे ठेवायची?

मार्च १९८७, पाकिस्तानविरुद्ध. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाची ती खेळपट्टी म्हणजे निव्वळ आखाडा होता. आपल्या मनिंदर सिंगने २७ धावांत ७ बळी घेत पाकिस्तानला ११६ वर गुंडाळलं, आणि तरी भारत हरला. चौथ्या डावात २२१ हवे होते. इक्बाल कासिमचा डावखुरा फिरकी चेंडू बाहेर वळून उसळायचा, तौसीफचा आत यायचा, आणि दोघांचाही मधूनच एखादा सरळ राहायचा. बॅटच्या भोवती क्षेत्ररक्षक हात पसरून उभे. गावस्कर तिथे पाच तासांहून जास्त वेळ उभा राहिला. त्या सामन्याचे तुकडे इंटरनेटवर मिळतील. बघताना फटक्यांकडे लक्ष देऊ नका, त्याचे हात बघा. चेंडू उसळला की बॅटवरची खालच्या हाताची पकड सुटल्यासारखी सैल होते आणि चेंडू बॅटला लागून पायाशी मरून पडतो. सिली पॉइंटवाला पुढे झेपावतो, पण तोवर चेंडू टप्पा खाऊन चुकलेला असतो. जो चेंडू खेळायची गरज नाही त्याच्या वाटेला बॅट जातच नाही. मुंबईत अशा फलंदाजाला खडूस म्हणतात, आणि ती शिवी नसते.

गावस्कर ९६ वर बाद झाला. त्या डावात त्याच्या खालोखाल धावा होत्या अझरुद्दीनच्या, २६. भारत १६ धावांनी हरला. गावस्करचा तो शेवटचा कसोटी डाव ठरला आणि त्याची शतकं ३४ होती ती ३४ च राहिली. गंमत म्हणजे त्याच्या आधीच्याच कसोटीत, अहमदाबादला, त्याने दहा हजार धावा पूर्ण केल्या होत्या. फटाके वाजले ते त्या खेळीसाठी.

इथे एक कडू गोष्टही बोलून घेतो, कारण आपण मराठी माणसं गावस्करच्या बाबतीत लगेच बाह्या सरसावतो. ‘वेस्ट इंडीजविरुद्ध १३ शतकं’ हे वाक्य आपण झेंड्यासारखं मिरवतो. त्यातली चार १९७१ ची, तेव्हा हॉल-ग्रिफिथ या वेगवान जोडीचा काळ सरला होता आणि रॉबर्ट्स-होल्डिंगचा यायचा होता. आणखी चार १९७८-७९ ची, तेव्हा त्यांचे बिनीचे खेळाडू केरी पॅकरच्या बंडखोर स्पर्धेत खेळायला गेले होते. म्हणजे १३ पैकी ८ शतकं त्या भीतिदायक माऱ्यासमोरची नाहीतच. उरलेली पाच मात्र अस्सल, आणि १९८३ मध्ये दिल्लीला मार्शल-होल्डिंगवर तुटून पडत केलेलं शतक तर एरवीच्या गावस्करला न शोभणारं. एवढं वजा करूनही तो माझ्या यादीत वरच राहतो, कारण नवा चेंडू अंगावर घेत त्याने सोळा वर्षं काढली. आकडा खरा असतो, फक्त त्याची फोड करून बघावी लागते.

याच्या उलट टोकाचं उदाहरण विनोद कांबळी. १७ कसोटी, सरासरी ५४.२०. म्हणजे गावस्करपेक्षा जास्त, सचिनपेक्षाही थोडी जास्त. लागोपाठ दोन द्विशतकं. गुणवत्तेत काडीची कमतरता नव्हती. पण त्याची चारही शतकं १९९३ सालातली, इंग्लंड, झिम्बाब्वे आणि श्रीलंकेविरुद्धची. पुढच्या वर्षी वेस्ट इंडीजच्या वॉल्शसारखा वेगवान गोलंदाज आखूड टप्प्यावर अंगावर आला तेव्हा तो चाचपडला, आणि त्यावर तोडगा काढण्याआधी कसोटी कारकीर्दच संपली. त्या ५४ वरून कोणी त्याला सचिनच्या वर बसवत नाही, आणि त्यासाठी कोणाला हिशेब मांडावा लागत नाही.

मग रहाणे महान का, असं तुम्ही विचाराल. लॉर्ड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर २०१४ चं १०३, ॲडलेडला भारत ३६ मध्ये कोसळल्यावर लगेच पुढच्या कसोटीत, कोहली नसताना, कर्णधार म्हणून मेलबर्नला ११२. माझ्या कसोटीवर ह्या दोन्ही खेळ्या पहिल्या रांगेत बसतात. रहाणेला मात्र मी महान फलंदाज म्हणणार नाही. मधल्या काळात तो फार वेळा सोप्या दिवशीही गेला, आणि ३८ च्या सरासरीत तेच दिसतं. महान खेळी आणि महान फलंदाज यांत जे अंतर आहे ते ‘पुन्हा पुन्हा’ने भरतं. लक्ष्मणने ते भरलं. कोलकात्याच्या २८१ वर तो थांबला नाही. २०१० मध्ये मोहालीला पाठ धरलेली असताना इशांतला घेऊन एका गड्याने जिंकलेला सामना आठवा, आणि त्याच वर्षी डर्बनला दुसऱ्या डावातल्या ९६. पुन्हा नव्वदीतच! द्रविडचं २००६ चं जमैका तसंच: भारताचे डाव २०० आणि १७१, त्यात ह्याचे ८१ आणि ६८. एकही शतक नाही, आणि १९७१ नंतर पहिल्यांदा वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली.

जाता जाता, १९८० च्या ज्युबिली कसोटीत वानखेडेवर विशीने कर्णधार असताना, पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं आणि इंग्लंड ती कसोटी जिंकलं, ही गोष्ट या चर्चेत आणू नका. माणूस म्हणून तो लाखात एक असेल, पण त्याचा फलंदाजीशी काय संबंध? अर्ध्याअधिक वादांत हेच घुसडलेलं असतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर विशी मला गावस्कर, सचिन, द्रविड यांच्या खाली आणि लक्ष्मणच्या शेजारी बसवावासा वाटतो. तो कंटाळायचा. सोप्या माऱ्यावर शंभर करून पुढे दोनशेसाठी राबणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि सरासरीतल्या हरवलेल्या आठ-दहा धावा बहुतेक तिथेच गेल्या. त्या नाहीत याचं मला वाईट वाटत नाही. पन्नाशीच्या वरच्या कितीतरी जणांना चेपॉकच्या त्या सकाळी रॉबर्ट्ससमोर पाठवून बघायला मला आवडलं असतं.